एमटीटीआर निम्मा झाला, पण प्रेस दुप्पट वेळा बंद पडतोय

रात्रपाळी_फिटर:
हायड्रॉलिक प्रेस आहे, चोवीस तास चालणारा. ३० दिवसांचे ७२० तास धरा. आधीच्या महिन्यात १२ वेळा बंद पडला, ३६ तास गेले. म्हणजे एमटीटीआर (एका दुरुस्तीला सरासरी लागलेला वेळ) ३ तास, एमटीबीएफ (दोन बिघाडांमध्ये मशीन सरासरी किती चाललं) ५७ तास. गेल्या महिन्यात २४ वेळा पडला, तास गेले तेवढेच, ३६. एमटीटीआर झाला दीड तास! मीटिंगमध्ये साहेबांनी टाळ्या वाजवायला लावल्या. उपलब्धता दोन्ही महिने ९५ टक्के, त्यामुळे हरकत कोणी घेतलीच नाही. पण एमटीबीएफ २८.५ वर आलाय आणि रात्री दोनला फोन येतो तो मला. टाळ्या घेताना लाज वाटली, खरं सांगतो. पीएम (ठरल्या तारखांना करायची देखभाल) ९६ टक्के वेळेवर दिसतंय. मग साहेबांपुढे कोणता आकडा ठेवू?

तेलकट_हात:
भाऊ, एमटीटीआर ही सरासरी. किरकोळ बिघाड वाढले की ती आपसूक खाली येते, तुम्ही काही न सुधारता. आधी २४ च्या २४ नोंदी काढा आणि प्रत्येकीपुढे कारण लिहा. काय केलं ते नको, का झालं ते.

आमच्या लॉगबुकात एका सिलिंडरपुढे सात वेळा 'सील बदललं, मशीन चालू' असं होतं. दर वेळी वेगळा फिटर, पाऊण तासात काम उरकलेलं, वेळ बघितली तर सगळेच हुशार. सील का जातंय, हे विचारायची पाळी कोणाचीच नव्हती. शेवटी एकाने टाकीला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. ऑइल कूलरच्या जाळीत धूळ आणि तेलाचा थर असा बसला होता की हवाच जात नव्हती. तेल ८०-८२ अंशांच्या वर राहिलं की नेहमीची सीलं कडक होऊन चिरतात. तेलाचं आयुष्य घटतं ते वेगळंच. कूलर धुतला, सीलं टिकायला लागली. तेव्हापासून मी एक जादा रकाना ठेवतो: हाच बिघाड ३० दिवसांत परत आला का? साहेबांना तो दाखवा.

नोंदवही:
घड्याळ कधी चालू करता तेही ठरवा. मशीन थांबल्यापासून, की फिटर पोचल्यापासून? स्पेअरसाठी स्टोअरच्या खिडकीत ताटकळलेला वेळ कुठे धरता? आमच्या दोन पाळ्या दोन तऱ्हेने लिहायच्या आणि आम्ही त्यांची तुलना करत बसायचो.

त्या ९६ टक्क्यांबद्दल. आम्ही दहा टक्क्यांचा नियम लावतो. ३० दिवसांचं काम ठरल्या तारखेच्या ३ दिवस अलीकडे-पलीकडे झालं तरच वेळेवर. शिवाय शीट हातात घेऊन बघा, महिनाभराच्या टिका एकाच पेनाने, एकाच बैठकीत मारल्यासारख्या दिसतात का.

रात्रपाळी_फिटर:
पीएम महिन्याऐवजी पंधरा दिवसांनी केलं तर?

तेलकट_हात:
थांबा. १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नाउलन आणि हीप यांनी विमानांच्या भागांचा अभ्यास मांडला. वयाप्रमाणे झिजून बिघडण्याची खूण फक्त ११ टक्के भागांत होती. ६८ टक्के भागांत सुरुवातीलाच बिघाड जास्त, नंतर सपाट. विमान म्हणजे प्रेस नव्हे, पण उघडबंद करताना कचरा आत जातो हे आपण दोघंही जाणतो. उघडू नका, तपासा.

रात्रपाळी_फिटर:
नोंदी काढल्या. २४ पैकी १५ एकाच व्हॉल्व्हच्या. स्पूल (व्हॉल्व्हमधला सरकता दांडा) अडकला, हलवला, चालू. वीस मिनिटांचं काम, म्हणून कोणी खोलात गेलं नाही. रिटर्न फिल्टर चोंदलेला, तेल बायपासमधून न गाळताच टाकीत. इंडिकेटर लालवर होता, काचेवरच्या तेलामुळे दिसत नव्हता. पीएम शीटवर 'फिल्टर तपासला' अशी टिक आहे. अक्षर माझंच आहे.