पशुवैद्यकासाठी विद्यापीठ कसं निवडलंत? अनुभव सांगा

भाचीला दोन ठिकाणी जागा मिळतेय. एक नावाजलेलं, चकचकीत रुग्णालय असलेलं. दुसरं आडबाजूला, पण आवारातच मोठा गोठा. घरात रोज मतदान होतं आणि रोज निकाल फिरतो. माहितीपुस्तिका आमच्याकडेही आहेत, त्या सोडून सांगा. काय बघून निवडलंत? काय बघायचं राहून गेलं?

गव्हाण
मी नाव बघून गेलो. कुत्री-मांजरं भरपूर हाताखालून गेली, गायी मात्र बहुतेक फळ्यावरच. नोकरीत पहिलीच अडलेली गाय आली. खांद्यापर्यंत हात आत, बोटांना एक पाय लागला. पुढचा की मागचा? पुस्तकात वाचलेलं होतं : खुराकडून वर चाचपत जायचं, पहिले दोन सांधे एकाच दिशेला वळले तर पुढचा, उलट दिशांना वळले तर मागचा. पण गाय कळ देते तेव्हा हात असा आवळला जातो की बोटं बधिर होतात. शेवटी गोठ्याच्या मालकानेच विचारलं, "डॉक्टर, पहिलीच वेळ का?" वासरू वाचलं. माझी अब्रू नाही.

मांजरपाट
माझं नेमकं उलटं. गोठेवालं विद्यापीठ. गाभण तपासायला इतक्यांदा हात घातलाय की झोपेतही सांगेन. आज दवाखान्यात येतात मांजरं. मांजराचा दात काढायला आणि सोनोग्राफीचा प्रोब धरायला मी नोकरी लागल्यावर शिकले, वरिष्ठांची बोलणी खात. तरी पुन्हा तेच निवडेन. कारण विचारू नका, नीट सांगता येत नाही.

रांगेतला
जनावरं किती येतात हे सगळेच सांगतात. एका जनावरामागे विद्यार्थी किती, ते विचारा. आमच्याकडे एका गायीभोवती आठ-नऊ जण. मी बुटका. पहिली शस्त्रक्रिया मी मित्राच्या पाठीवरच्या एप्रनच्या गाठीतून पाहिली.

पासपोर्ट
आधी मान्यता बघा. जिथे पुढे काम करायचंय तिथे ही पदवी चालते का? उदाहरणार्थ अमेरिका : एव्हीएमएची, म्हणजे तिथल्या पशुवैद्यकांच्या संघटनेची, मान्यता नसलेल्या कॉलेजातून गेलात तर परवान्यासाठीची एनएव्हीएलई परीक्षा असतेच, शिवाय अशा पदवीधरांना पारखणाऱ्या ईसीएफव्हीजी किंवा पेव्ह यांपैकी एक पायरी वाढते. मला हे शेवटच्या वर्षी कळलं.

रात्रपाळी
स्वतःचं मोठं रुग्णालय हवंच असंही नाही बरं. ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठाने २००६ मध्ये पशुवैद्यक सुरू केलं ते शिकणाऱ्यांना बाहेरच्या दवाखान्यांत पाठवायच्या पद्धतीवर. विद्यापीठाच्या रुग्णालयात बरेचदा इतरांनी हात टेकलेल्या अवघड केसेस येतात. साधे जुलाब, लसी, लंगडणं बाहेरच दिसतं, आणि पहिल्या वर्षी पोटापाण्याला तेच लागतं. फक्त तिथे शिकवायला कुणाला वेळ असतो का, हे आधीच्या बॅचला विचारा. माझ्या एका ठिकाणी नव्हता. महिनाभर पिंजरे धुतले.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. भाचीने आज गोठेवाल्या विद्यापीठातल्या शेवटच्या वर्षाच्या एका मुलाला फोन लावला. उचलला भलत्यानेच. म्हणाला, "त्याचा हात गायीत आहे, तासाभराने करा." तेव्हापासून ती घड्याळ बघत बसलीये.