मानेची गादी सरकलीय, ऑपरेशन करू का थांबू?

कोथरूडचा_पंक्या:
नमस्कार मंडळी. वय ४४, दिवसभर लॅपटॉप आणि येताजाता टू-व्हीलर. ५ आठवडे झाले, मानेपासून उजव्या हातात कळ जाते, मधलं बोट बधिर, झोपेचं खोबरं झालंय, हात डोक्यावर घेऊन पडलो की तेवढं जरा बरं वाटतं (बायको म्हणते पोलिसांना शरण आल्यासारखा झोपतोस). एमआरआयमध्ये सी६-सी७ची (मानेच्या सहाव्या-सातव्या मणक्यांमधली) गादी सरकून नस दबलीय. एक सर्जन पहिल्याच भेटीत ऑपरेशन म्हणाले, दुसरे म्हणतात अजून थांबा. कुणाचं ऐकू?

सातारी_तडका:
घाई नको राव. माझं सी५-सी६ होतं, त्यात अंगठा आणि शेजारचं बोट बधिर झालं होतं. प्रीगॅबालिन (नसेच्या दुखण्यावरची गोळी) सुरू केली तर पहिले ४ दिवस ऑफिसात नुसता पेंगत होतो, मग डॉक्टरांनी ती फक्त रात्रीवर आणली. मानेचा कॉलर (पट्टा) थोडेच दिवस घातला, कायम घातला तर मानेचे स्नायू ढिले पडतात म्हणाले. बाकी फिजिओ, हनुवटी आत ओढायचा व्यायाम, लॅपटॉपखाली जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या. १० व्या आठवड्यात कळ गेली, मुंग्या अजून कधीमधी येतात. बाहेर आलेली गादी बऱ्याचदा शरीरच हळूहळू जिरवतं.

मीनल_ठाणे:
दादा, नुसतं दुखतंय का ताकद पण कमी झालीय ते आधी बघा. आमच्या ह्यांना सोसायटीचं जड दार उजव्या हाताने ढकलता येईना, आणि ते रोज वाढत चाललं होतं, म्हणून ऑपरेशन केलं. गळ्याला पुढून चीर देतात, गादी काढून तिथे केज (मणक्यांमधली जागा धरून ठेवणारा छोटा ठोकळा) आणि प्लेट बसवतात. हातातली कळ त्याच दिवशी गेली, पण ८-१० दिवस गिळायला त्रास, आवाज घोगरा, नुसती पेज आणि मऊ भात. ताकद यायला मात्र काही महिने लागले.

जुना_खोडकर:
काहीही करा पण सलूनमध्ये मान मोडून घेऊ नका, हाडवैद्याकडे तर नकोच. आणि चालताना तोल जायला लागला, शर्टाची बटणं लागेनात किंवा लघवीवर ताबा राहिना, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, तेव्हा मज्जारज्जूच दबलेला असू शकतो.

कोथरूडचा_पंक्या:
मीनलताई, आत्ता भिंतीला हात टेकून पुश-अप मारून बघितले. डाव्याने १५ झाले, उजवा ४ थ्यालाच लटपटला. उद्या सकाळचीच अपॉइंटमेंट घेतलीय.