मदत हवी आहे : उशिरा पिकणारी ब्लूबेरी लातूरकडं येईल का?

राम राम मंडळी. औसा तालुक्यात दोन एकर, काळी चुनखडीची जमीन. एक रोपवाला 'अरोरा' जातीच्या ब्लूबेरीची रोपं घ्या म्हणून मागं लागलाय. म्हणे उशिरा पिकते, बाजारात माल संपल्यावर भाव मिळतो.

मी जरा वाचलं. अरोरा अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाची, 'ब्रिजिटा' आणि 'एलियट' या जातींच्या संकरातली. 'लिबर्टी' जातीचेही आई-बाप तेच. एलियट मुळातच उशिराची, अरोरा तिच्याही मागून पिकते. पण हा उशीर तिकडच्या हंगामातला! या जातींना हिवाळ्यात ७ अंशांखालची थंडी ८०० तासांच्या वर लागते. आपल्याकडं डिसेंबरात चार पहाटे हुडहुडी भरली की संपलं. थंडी नाही तर फांदीवरचे डोळे नीट फुटणार नाहीत, मग फळ कुठलं?

फ्लोरिडात तिथल्या रानटी सदाहरित ब्लूबेरीशी संकर करून कमी थंडीच्या जाती काढल्यात. त्या कुणी मराठवाड्यात लावल्यात का? ब्लूबेरीला सामू (pH) साडेचार ते साडेपाच, म्हणजे आम्लधर्मी माती लागते म्हणून कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याचा भुसा) पिशव्यांतच लावीन, पण बोअरचं पाणी जड आहे. त्यात आम्ल किती, कसं सोडता? एप्रिल-मेच्या उन्हात शेडनेट पुरतं का?

लावलेल्यांनीच सांगा. रोपं विकणाऱ्यांनी कृपया थांबा.