मदत हवी आहे: ज्युडी बारी खटल्याची कागदपत्रं, आणि तसा दावा आपल्याकडे कसा उभा राहील?

नमस्कार मंडळी,

आमचा एक छोटा अभ्यासगट आहे. बहुतेक जण शहरातल्या टेकड्या आणि झाडं वाचवण्याच्या आंदोलनांतले. आमच्यापैकी अनेकांना निदर्शनांच्या आदल्या दिवशी 149 च्या नोटिसा आल्या आहेत (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम, गुन्हा घडू नये म्हणून पोलीस बजावतात ती नोटीस; नव्या संहितेत ते कलम 168). काहींना सकाळी चौकीत बोलावून संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. कागदावर अटक नाही, गुन्हा नाही. पण पुढच्या निदर्शनाला माणसं निम्म्याने घटली. घरचे म्हणतात, "कशाला नसती भानगड?" त्यांना काय उत्तर द्यायचं हे आम्हालाच नीट ठाऊक नाही.

म्हणून ठरवलं की पर्यावरण कार्यकर्त्यांनी पोलिसांनाच कोर्टात खेचलं आणि जिंकले, असा एक खटला मुळापासून वाचायचा. निवडला तो अमेरिकेतला, ज्युडी बारी आणि डॅरिल चर्नी यांचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी हकीकत सांगते.

बारी उत्तर कॅलिफोर्नियातली. पेशाने सुतार, आधी कामगार संघटनेत काम केलेली, आणि 'अर्थ फर्स्ट!' या पर्यावरणवादी गटाची संघटक. रेडवूडची शेकडो वर्षांची झाडं लाकूड कंपन्या सपाट करत होत्या. त्याविरुद्ध 1990 च्या उन्हाळ्यात 'रेडवूड समर' नावाची मोठी अहिंसक मोहीम ठरली होती. मला तिच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो एका गोष्टीसाठी. तिने गिरणीतल्या आणि जंगलतोडीवरच्या कामगारांना शत्रू मानलं नाही. झाडात खिळे ठोकून ठेवायची पद्धत त्या चळवळीत होती, आणि त्याने करवतीवरचा माणूस जखमी होऊ शकतो. तिच्या गटाने ती जाहीरपणे सोडून दिली.

24 मे 1990 रोजी ओकलंड शहरात तिच्या गाडीत पाइपबॉम्ब फुटला. तिच्याच सीटखाली. बॉम्बला हालचालीने चालू होणारी कळ होती आणि भोवती खिळे होते. तिच्या कमरेच्या हाडांचा चुरा झाला. तिचा चळवळीतला सहकारी चर्नी शेजारी होता, तो थोडक्यात वाचला. काही तासांत एफबीआय आणि ओकलंड पोलिसांनी दोघांनाच अटक केली: बॉम्ब तुमचाच, तुम्ही तो जाणूनबुजून नेत होता. आधार काय, तर बॉम्ब मागच्या जागेत, दिसेल असा ठेवलेला होता हा दावा. प्रत्यक्षात स्फोटाचं भोक ड्रायव्हरच्या सीटखाली होतं. तिला आधी जिवे मारण्याच्या धमक्या आल्या होत्या, बंदुकीच्या दुर्बिणीची फुली तिच्या चेहऱ्यावर काढलेला फोटोही आला होता. तो धागा कुणी धरला नाही. जुलैमध्ये सरकारी वकिलांनी पुरावा नाही म्हणून आरोप ठेवायला नकार दिला, पण तोवर सगळ्या देशात 'बॉम्बवाले पर्यावरणवादी' झालं होतं. नोव्हेंबरमध्ये जंगल वाचवण्याचा मतदान-प्रस्ताव होता, तोही पडला.

1991 मध्ये दोघांनी एफबीआय आणि ओकलंड पोलिसांच्या अधिकाऱ्यांवर नागरी हक्कांचा दावा लावला. बारी 2 मार्च 1997 ला स्तनाच्या कर्करोगाने गेली. आपण खटल्यापर्यंत टिकणार नाही हे ओळखून तिने आजारपणातच व्हिडिओवर साक्ष देऊन ठेवली, आणि 2002 मध्ये ज्युरीने ती पाहिली. 11 जून 2002 ला निकाल लागला: सातपैकी सहा अधिकारी जबाबदार, भरपाई 44 लाख डॉलर. त्यातली सुमारे 80 टक्के रक्कम खोट्या अटकेसाठी नव्हती, तर अभिव्यक्तीच्या हक्कावर घाला घातल्याबद्दल होती.

माझा प्रश्न इथूनच सुरू होतो. बॉम्ब कुणी ठेवला हे आजही सिद्ध झालेलं नाही. दावा जिंकायला त्याची गरजही पडली नाही. त्यांना दाखवायचं होतं ते एवढंच, की पोलिसांनी या माणसांचा आवाज बंद करण्यासाठी, त्यांची चळवळ बदनाम करण्यासाठी तपास वाकवला. चौकीत बसलेल्या आमच्या मित्रांचं नुकसान त्याच जातीचं आहे. जखम नाही, पैसे गेले नाहीत, बोलणं थांबलं. ज्युरीने त्या थांबलेल्या बोलण्याची किंमत कशी ठरवली?

मला हवी आहे मदत अशी. ज्युरीला दिलेल्या सूचना आणि निकालपत्रकाची प्रत कुठे मिळेल? बातम्या भरपूर वाचल्या, मूळ कागद हाती लागत नाहीत. आणि इथल्या वकील मंडळींनी सांगावं, की असा दावा भारतात कोणत्या दारातून आत जातो. आम्हाला कुणाचा सूड घ्यायचा नाही. पुढच्या निदर्शनाला माणसं यावीत एवढंच.

– मोहाचंझाड

दूरदेशी:
मी फ्रीमाँटला राहतो, ओकलंडचं कोर्ट तासाभरावर. 'बारी' नावाने शोधू नका. वरिष्ठ न्यायालयाचे महत्त्वाचे निकाल 'मेंडोसिनो एन्व्हायर्नमेंटल सेंटर विरुद्ध मेंडोसिनो काउंटी' या नावाने आहेत, नववं सर्किट (कॅलिफोर्नियावरचं केंद्रीय अपील न्यायालय), 1994 आणि 1999. 1999 चा आधी वाचा. अधिकाऱ्यांचा हेतू परिस्थितीजन्य पुराव्यावरून ज्युरीपुढे जाऊ शकतो का, याची चर्चा त्यात आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं मर्म तेच. दोन्ही फुकट मिळतात. खालच्या कोर्टाच्या फाइलसाठी 'पेसर'वर (अमेरिकी केंद्रीय न्यायालयांच्या कागदपत्रांची वेबसाइट) खातं काढावं लागतं, पानाला 10 सेंट. तिमाहीत 30 डॉलरपर्यंत झालं तर आकारत नाहीत. जुने कागद स्कॅन नसतील तर मी कोर्टात जाऊन विचारतो, मनापासून.

जोडीला हम्बोल्ट काउंटीचा खटला वाचा. 1997 मध्ये हात साखळीने अडकवून बसलेल्या निदर्शकांच्या डोळ्यांना पोलिसांनी कापसाच्या बोळ्याने मिरचीचं झोंबणारं रसायन (पेपर स्प्रे) लावलं, आणि त्याचं चित्रीकरण स्वतःच केलं. दोनदा ज्युरीत एकमत झालं नाही. 2005 मध्ये निकाल फिर्यादींच्या बाजूने लागला, भरपाई प्रत्येकी एक डॉलर. मला तो विजय लहान वाटत नाही. बळाचा तो वापर बेकायदा होता हे त्यामुळे कोर्टाच्या दप्तरी आलं.

काळाकोट:
मोहाचंझाड, आपल्याकडे दोन दारं आहेत. पहिलं, उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या कलम 226 खाली रिट अर्ज. मूलभूत हक्क मोडला म्हणून थेट भरपाई मागता येते. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल पाहा: रुदल साह (1983), भीम सिंग (1985, आमदाराला अधिवेशनाला जाऊ दिलं नाही म्हणून 50 हजार), निलाबती बेहेरा (1993), आणि अलीकडचा नंबी नारायणन (2018, 50 लाख). यात पैसे सहसा सरकार देतं, अधिकारी नाही. बारी खटल्याशी मोठा फरक इथेच आहे. शिवाय या निकालांत भर कलम 21 वर, म्हणजे स्वातंत्र्य हिरावण्यावर आहे. 'आवाज दाबला' म्हणून कलम 19 (अभिव्यक्ती स्वातंत्र्य) खाली वेगळी रक्कम मागायची तर पाया तुम्हालाच रचावा लागेल.

दुसरं, दिवाणी दावा. सरकारविरुद्ध असेल तर कस्तुरीलाल (1965) या निकालातला सार्वभौमत्वाचा बचाव समोर येतो, म्हणजे 'हे राज्याचं सार्वभौम काम होतं, त्याची भरपाई नाही' असं सरकार म्हणतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, आणि बेकायदा डांबून ठेवल्याच्या दाव्याला मुदत एकच वर्ष, सुटका झाल्या दिवसापासून. ही तारीख आधी तपासा.

सगळ्यात घाईचं सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या परमवीर सिंग सैनी (डिसेंबर 2020) या निकालाप्रमाणे पोलीस ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण 18 महिने, आणि तशी यंत्रणा नसेल तर किमान वर्षभर ठेवणं बंधनकारक आहे. कागदावर अटक नसेल तर माणूस दिवसभर तिथे होता हे तेच सांगेल. चित्रण जपून ठेवा असं लेखी पत्र पोलीस आयुक्तांना द्या, पोच घ्या, शिवाय माहिती अधिकारात स्टेशन डायरीची त्या दिवसाची नोंद मागा. नोंद नसेल तर 'नोंद नाही' हे उत्तरही पुरावाच.

मोहाचंझाड:
दोघांचे मनापासून आभार. मित्रांपैकी एकाला बसवून ठेवल्याला वर्ष व्हायला थोडेच दिवस राहिलेत, त्यामुळे त्याचं पत्र आजच लिहून घेते. काळाकोट, मसुदा इथे टाकू की व्यनि (खासगी निरोप) करू? त्यात ठाण्याचं नाव असेल. दूरदेशी, 1999 चा निकाल उतरवून घेतला. ज्युरीला दिलेल्या सूचनांची प्रत मिळाली तर तीच आधी पाठवा, बाकीचं सावकाश.