'निर्माल्य' म्हणजे कचरा का?

परवा सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या कट्ट्यावर बसलो होतो. एक मावशी गाठ मारलेली कॅरीबॅग घेऊन आल्या. आत काळी पडलेली शेवंती, बेलाची पानं, अगरबत्तीचं रिकामं पाकीट. पिशवी भिरकावणार, तोच शेजारचा पोरगा म्हणाला, "मावशी, कचरा टाकू नका." मावशी उखडल्या, "कचरा नव्हं बाळा, निर्माल्य हाय!"

कोश चाळला. मूळ संस्कृत 'निर्मल'. अर्थ: देवाला वाहून उतरवलेली फुलं, पानं. 'शिवनिर्माल्य' तर हात न लावण्याची वस्तू, म्हणून सोडून दिलेल्या गोष्टीलाही मराठीत शिवनिर्माल्य म्हणतात. नियम एकच, पायदळी येऊ नये. पाण्यात सोडावं असं त्या अर्थात कुठंच नाही. आमची आजी जास्वंदीच्या बुडाशी टाकायची. हे तळं बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी खोदवलं म्हणतात. तळं खोदणं हीच ज्यांची पूजा, त्यांच्याच तळ्यात पूजेचं उरलंसुरलं कुजवायचं, हे मला पटत नाही. फुलं कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात.

देवाचं नि निसर्गाचं जपायला सांगणारे तुमच्याकडे कोणते शब्द आहेत? (खाली वाचकांची उत्तरं.)

— आमच्या पद्मशाली (तेलुगू विणकर) घरांत बतकम्मा या फुलांच्या सणाला तरवड आणि कुरडूची फुलं रचून पाण्यात सोडतात. पण त्या रचलेल्या बतकम्माला कुणी निर्माल्य म्हणत नाही. ती देवीच, पाहुणी म्हणून आलेली. एक मात्र खरं, पूर्वी त्यात फुलं नि पानंच असायची.

— भाऊ, आमच्यात शब्द आहे 'इसराफ', म्हणजे उधळपट्टी. कुराणात सातव्या सूरेत म्हटलंय, खा, प्या, पण इसराफ नको. वजूचं, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याचं पाणीसुद्धा उधळायचं नाही, वाहत्या नदीकाठी बसला असाल तरी. अब्बा नळ सुरू दिसला की एवढा एकच शब्द ओरडायचे.

— मराठी बायबलात दोन शब्द समोरासमोर आहेत. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणसाला 'सत्ता चालवा' म्हटलंय, दुसऱ्यात एदेन बागेची 'मशागत व राखण' करायला ठेवलंय. 1967 साली लिन व्हाइट या इतिहासकारानं पर्यावरणाच्या संकटाचं खापर पहिल्या शब्दाच्या वृत्तीवर फोडलं. आम्ही मात्र 'राखण' धरून बसतो. शेताला राखण बसणारा रात्रभर जागतो, मालक नसतो.

— ते सगळं बरोबर, पण दादा, मावशीला एवढंच विचारायचं होतं: फुलं वाहिली खरी, कॅरीबॅग कधी वाहिली होती देवाला?