ओढ्यावर घरापुरती वीज: पंखा की पाइप?

काठावरचा:
घरामागून बारमाही ओढा वाहतो. सोलर आहे, पण सलग ढगाळ दिवस आले की बॅटरी रात्र काढत नाही. दिवे, फ्रिज, मोबाइल एवढंच चालवायचंय. काडी सोडली तर सेकंदाला मीटरभर जाते. प्रवाहात सोडायचा तयार पंखा घेऊ का? वर ओढा खडकांवरून उतरतो, पण तिथून पाइप आणणं मोठं काम आहे.

पाणवठा:
पंखा घेऊ नका. एवढ्या वेगात चौरस मीटरभर घेराचा पंखासुद्धा जेमतेम दीडशे वॉट देतो, आणि वेग निम्मा झाला की वीज आठव्या हिश्श्यावर येते. तुमची खरी वीज त्या खडकांच्या उतारात आहे. ढोबळ हिशेब: सेकंदाला किती लिटर, गुणिले किती मीटर उतार (पाइपाची लांबी नव्हे, उभी उंची), गुणिले ५. तेवढे वॉट हाती येतात. माझ्याकडे ६ लिटर आणि १४ मीटर, म्हणजे ४२० वॉट. रात्रंदिवस चालतं, त्यामुळे दिवसाला १० युनिट पडतात.

पाइपात कंजूषी करू नका, हे कळकळीने सांगते. मी ९० मीटर लांब, ६३ मिमीचा टाकला होता. झडप बंद असताना गेज १.४ बार दाखवायचा, उघडली की ०.६. निम्म्याहून जास्त दाब घर्षणातच जायचा! ११० मिमीचा टाकला तेव्हा कुठे १.३ च्या वर राहिला.

काठावरचा:
आज मोजलं. दगडमातीचा बांध घालून सगळं पाणी एका पाइपातून सोडलं, २० लिटरची बादली ४ सेकंदांत भरली. उतार ९ मीटर. म्हणजे सव्वादोनशे वॉट?

पाणवठा:
बरोबर, पण सगळा ओढा पाइपात घालू नका. मधल्या पट्ट्यातल्या माशांना पाणी लागतं. आणि ओढा सर्वांत आटतो त्या आठवड्यात पुन्हा मोजा, टर्बाइन त्या आकड्यावर घ्या. पाणी घ्यायची परवानगीही आधीच काढा.

तारजोड:
एक भर. बॅटरी भरल्यावर सोलरचा कंट्रोलर पॅनल तोडून टाकतो. टर्बाइनला तसं केलं तर ते बेफाम फिरतं, व्होल्टेज चढतं. उरलेली वीज पाणी तापवायच्या कॉइलकडे वळवणारा कंट्रोलर लावा.

पाणवठा:
हो, माझी आंघोळ त्यावरच होते. आणि तोंडाची जाळी तिरपी बसवा. पानगळीत मी रोज सकाळी वर जाऊन ती झाडते. एक दिवस चुकला की संध्याकाळी दिवे मंद होतात.