वाढदिवस लग्नाचा, बेत पंगतीचा

लग्नाच्या वाढदिवसाला दरवर्षी लग्नातलाच बेत, म्हणजे मसालेभात, जिलबी, मठ्ठा, ही पद्धत छानच. पण बरेचदा प्रश्न पडतो की घरची जिलबी मऊ का पडते. बहुतेक वेळा कारण पीठ पातळ किंवा आच मोठी. मोठ्या आचेवर रंग लगेच येतो, पण आतली नळी वाळत नाही आणि पाकात पडली की लोळागोळा.

२ वाट्या मैदा, २ चमचे बेसन, अर्धी वाटी आंबट दही, लागेल तसं पाणी. धार न तुटता पडेल इतपत दाट भिजवून रात्रभर आंबवा. थंडीत जास्त वेळ लागतो. आंबून पीठ सैल होतं, तेव्हा सकाळी आधी बघा, मगच पाणी घाला. पसरट कढईत तूप बोटभरच हवं, आच मध्यम. पाक एकतारी, त्यात थोडं लिंबू पिळा म्हणजे साखर धरत नाही. पाक कोमट हवा, जिलबी गरम; अर्ध्या मिनिटात उलटून बाहेर. सोडा घालायचा मोह टाळा.

पंधरा माणसांना मसालेभाताला ६ वाट्या जुना तांदूळ, दुप्पट आधणाचं पाणी. आंबेमोहोर नको, गिच्च होतो. तोंडली उभी चिरून फोडणीत आधी परतायची, नाहीतर कचकचीत राहतात. गोडा मसाला वाटीला एक चमचा पुरे.

मठ्ठ्यात आलं वाढायच्या जरा आधीच घाला, फार वेळ राहिलं तर कडसर लागतं. जिलब्या मात्र पानं मांडल्यावरच तळायला घ्या.